टिचकी

माठ घ्यायचा म्हणजे कुंभाराच्या दारात उकिडवं बसायचं आणि एकेका माठाला टिचकी मारत जायचं. खणखणला तर पक्का, बद्द वाजला तर कुठंतरी चीर गेलेली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या पिढीला गाण्यातलं काही कळत नसे, पण एवढा कान होता. कोरा माठ आधी नुसता भरून ठेवायचा, ते पाणी झाडाला ओतायचं, आणि मग पहिल्या तांब्यासाठी भांडणं.

आता वीस लिटरचा जार येतो. त्याला टिचकी मारायचं कारण नाही, आणि मारली तरी तो बोलत नाही.

खरं तर हा कान आमचाही नव्हे. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे आहे. १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी निघाली: तांबडी, काळ्या नक्षीची, पातळ, आणि अशी भाजलेली की वाजवली तर धातूसारखी वाजावीत. पुढं नेवासे, दायमाबाद इथंही तीच सापडली. पुस्तकात आज ‘जोर्वे संस्कृती’ आहे, खापरं पुण्याला डेक्कन कॉलेजात.

आमच्या मडक्यांना अशी कुणी काचेची कपाटं केली नाहीत, आणि त्या काळाला करूही नयेत. माठाचं कौतुक आम्ही करायचो, पाणी आई आणायची. रांजणाच्या तळाशी अळ्या असत. आणि ‘नको त्या’ माणसाचा हात लागला म्हणून चांगलं मडकं फोडणारी माणसंही आमच्याच गल्लीत होती. कुंभाराला वर्षभराच्या मडक्यांबद्दल खळ्यावर मिळेल तेवढं बलुतं. आवा लागलेला असताना पाऊस आला तर नुकसान एकट्याचं.

२०१८ पासून खादी आयोग कुंभारांना विजेची चाकं देतो आहे. काठीनं जड चाक फिरवून मोडणाऱ्या पाठी पाहिलेल्या कुणालाही याचं वाईट वाटू नये. पण चाकावर माठाचं तोंड नि खांदा होतो. पोट आतून गुंडा धरून, बाहेरून थापटूनच वाढवावं लागतं. उन्हाळ्याच्या दुपारी कुंभारवाड्यातून तो थपथपाट चाले आणि आमची झोपमोड होई. तेव्हा आम्ही चिडत होतो.

संक्रांतीला सुगडं मात्र अजून लागतात. पाच सुगडांसाठी आम्ही कुंभारणीशी भर उन्हात घासाघीस करतो. जारवाला सांगेल तो भाव मुकाट देतो.