अॅम्बॅसिडरचे दिवे आणि 4.7 मिलिमीटरचे बुलेट

म्हैसूरला एनसीसीत पोस्टिंग आली तेव्हा कोर्समेट म्हणाले, आता आराम. आराम फारसा नाही, पण रविवार मिळतात. आणि ईएमईच्या माणसाच्या हाती रविवारी पाना नसेल, तर तो घरच्यांच्या डोक्याला ताप होतो. त्यामुळे एच. डी. कोट्याहून सुभेदार साहेबांचा फोन आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या बायकोला झाला.

हेग्गडदेवनकोटे हे पूर्ण नाव कोणी घेत नाही. म्हैसूरपासून पन्नासेक किलोमीटर. कबिनीचा जलाशय, नागरहोळेचं जंगल, कापूस, तंबाखू, आलं. इथून मानंदवाडीकडे जाणारा जंगलातला रस्ता संध्याकाळी सहाला बंद होतो तो सकाळी सहालाच उघडतो. पण हत्तींना फाटकाची वेळ कोण सांगणार? ते रात्री शेतात येतात, गावाच्या रस्त्यावर उभे राहतात.

सुभेदार साहेब मराठा लाइट इन्फंट्रीचे. घरची भाषा कन्नड, पण मराठी बेळगावच्या सेंटरमध्ये शिकलेली, त्यामुळे त्यांच्या मराठीला आजही परेडचा आवाज आहे. त्यांच्याकडे 1973 ची मार्क टू अॅम्बॅसिडर आहे. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी म्हैसूरला न्यावं लागतं आणि परतताना अंधार पडतो. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, विका ही, नवी घेऊ. साहेबांचं उत्तर साधं आहे: हिच्या मागच्या सीटवर ती आडवी होऊ शकते. प्रश्न दिव्यांचा होता. “सर, दिवे म्हणजे निरांजनं झालीत. परवा हत्ती दिसला तेव्हा तो गाडीपासून वीस पावलांवर होता.”

गावातल्या इलेक्ट्रिशियनने दोनदा बल्ब बदलले होते. बल्ब निर्दोष होते. इंजिनाची रेस थोडी वाढवून मोठा दिवा लावला आणि मीटर धरला: बॅटरीवर 13.8 व्होल्ट, बल्बच्या पिनांवर 11.1. म्हणजे 2.7 व्होल्ट वाटेत गायब. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. इथे पडझड त्याच्या दुप्पट, म्हणजे निम्म्याहून जास्त उजेड बॉनेटखालीच मुरत होता.

मग एकेका जोडावर मीटर लावत गेलो. दिव्याच्या अर्थिंगवर 1.1 व्होल्ट, पुढच्या बुलेट जोडांवर मिळून 0.8, उरलेले डॅशबोर्डच्या स्विचवर. वायर बहुतेक ठिकाणी ठणठणीत होती. दोन्ही मोठे दिवे मिळून 10 अँपियर ओढतात. एखाद्या जोडात एक दशांश ओहमचा अडथळा आला, तरी तिथे एक व्होल्ट जातो आणि 10 वॅटची उष्णता तयार होते, लहान सोल्डरिंग आयर्नच्या जवळ जाणारी. उष्णतेने पितळेची स्प्रिंग ढिली पडते, ढिल्या जोडात पावसाळ्याची ओल शिरते, हिरवा थर चढतो, अडथळा आणखी वाढतो. जोंगा किंवा जुनी जीप सांभाळलेल्यांना हे चक्र तोंडपाठ असेल.

ही गाडी मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली, त्यामुळे वायरिंगची पद्धत ब्रिटिश: तपकिरी वायर कायम जिवंत, काळी अर्थची, निळी-पांढरी मोठ्या दिव्याची, निळी-लाल डिपरची. जोड बुलेटचे, म्हणजे गोल टोकाची पितळी पिन, जी रबरी स्लीव्हमधल्या पितळी नळीत खट्कन बसते. या पद्धतीवर विलायतेतही पुष्कळ विनोद आहेत. माझ्या मते पद्धतीत खोट नाही. पन्नास वर्षं कोणी स्लीव्ह बदलल्या नाहीत, तर दुसरं काय होणार?

माझा पहिला विचार मात्र बुलेट काढून टाकण्याचाच होता. रबरी सील असलेले नवे वॉटरप्रूफ कपलर ओल आत येऊ देत नाहीत, आणि दिव्याच्या वाडग्यामागे चाकाचं पाणी उडतंच. मी ते सांगितलं. सुभेदार साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पुढे केला आणि विचारलं, “सर, उद्या तुमची बदली होणार. मग हे उघडणार कोण?” त्या कपलरची पिन काढायला वेगळं टूल लागतं, आणि तशी पिन कोट्यात मिळत नाही. बुलेट पक्कडीने ओढला की निघतो, अंधारातही. फील्डमध्ये आपण हाच हिशेब करतो. बुलेट ठरले.

बाजारात निळ्या प्लॅस्टिकचे जे बुलेट सर्रास मिळतात ते मापात वेगळे असतात; ब्रिटिश स्लीव्हमध्ये सैल तरी बसतात किंवा जातच नाहीत. हवेत 4.7 मिलिमीटरचे, उघड्या पितळेचे. ते बंगळुरूच्या जे. सी. रोडवर मिळाले, स्लीव्हसुद्धा. नवी पिन जुन्या स्लीव्हमध्ये घालण्यात अर्थ नसतो, पकड स्लीव्हची असते. आणि बुलेट वायरच्या मापाचा हवा. दिव्याच्या वायरला 0.30 मिलिमीटरच्या 28 तारा, म्हणजे सुमारे 2 चौरस मिलिमीटर. तिच्यासाठी 14 तारांचा बुलेट घेतला की तो बसत नाही, मग वायरमन अर्ध्या तारा छाटतो. आम्हाला असे दोन जोड सापडले, वर काळ्या टेपची मुंडासी.

सोल्डर की क्रिम्प, हा वाद मेसमध्ये रात्रभर चालू शकतो. मी गाडीत क्रिम्पच्या बाजूचा. सोल्डर तारांमध्ये आत चढतो, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि तो जिथे संपतो तिथे धक्क्यांनी वायर तुटते. क्रिम्प मात्र पक्कडीने चेपून होत नाही, त्याला मापाच्या जबड्याचं टूलच लागतं. चेपल्यावर हाताने जोरात ओढायचं. निघाला तर निघू दे, आत्ताच कळलं. शेवटी टोकाला किंचित व्हॅसलिन.

अर्थिंगसाठी रिंगचे थिंबल घेतले, बॉडीचा रंग घासून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला. स्विचचा भार कमी करायला फ्यूजसह दोन रिले बसवले. त्यांना 6.3 मिलिमीटरच्या चपट्या पिनाच लागतात, तिथे बुलेटचा हट्ट चालत नाही. ते रेडिएटरशेजारी लपवले, कारण साहेबांना बॉनेट उघडल्यावर नवं काही दिसलेलं आवडत नाही. 

संध्याकाळी मीटर पुन्हा लावला: बल्बवर 13.3. समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड बघायला वहिनी शाल गुंडाळून ओट्यावर आल्या, कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या आणि साहेब हसले. मला सांगितलं नाही.

शेवटचे चार क्रिम्प साहेबांनी स्वतःच्या हाताने केले, चारही मी ओढून पाहिले. क्रिम्पिंग टूल त्यांच्याकडेच ठेवलंय. उरलेले बुलेट, स्लीव्ह आणि कुठली वायर कुठे जाते याचा कागद एका पत्र्याच्या डबीत घालून ग्लोव्हबॉक्समध्ये आहे. कागद कन्नडमध्ये आहे, गावातल्या इलेक्ट्रिशियनसाठी. मागचे दिवे आणि वायपर अजून बाकी आहेत, ते पुढच्या रविवारी.