शुक्रवारचे चेक

शुक्रवार, २७ मार्च २००९, लिव्होनिया (मिशिगन)

पाडवा. सकाळी सहाला मागच्या डेकवर गुढी उभारली. इथे कडुनिंब कुठला. हिने मेथीदाणे आणि गूळ हातावर ठेवला. साडेसहाला शॉपवर.

आज पगार. बारा चेक लिहिले. तेरावा माझा असतो, तो फेब्रुवारीपासून लिहीत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाकडची बिले नव्वद दिवसांची झाली आहेत. फोन केला की ‘पुढच्या आठवड्यात’ एवढेच उत्तर. बँकेने क्रेडिट निम्म्यावर आणले. पहिले सीएनसी मशीन घेतले तेव्हापासून राहते घर तारण आहे. त्या कागदावर हिचीही सही आहे.

दुपारी सगळ्यांना मिलिंग मशीनजवळ बोलावले आणि सरळ सांगितले: कोणालाही काढणार नाही, पण सोमवारपासून आठवडा चार दिवसांचा, बत्तीस तास. बराच वेळ कोणी बोलेना. मग हॅमट्रॅम्कचा आमचा पोलिश टूलमेकर म्हणाला, “माझं घर फिटलंय. माझे आणखी चार तास कापा आणि या पोरांना द्या.” १९८१ साली शॉप काढले तेव्हा आम्ही दोघेच होतो. भाड्याची शेड, दोन जुनी मशीन्स आणि वीस टक्क्यांच्या आसपास गेलेले व्याज. तेव्हाही तो असाच बोलायचा.

रात्री हिला सांगितले. ती जेवणाच्या टेबलावर रोजमेळ लिहीत होती. वही तशीच उघडी ठेवून म्हणाली, “त्याचे तास कापायचे नाहीत. आपल्या हेल्थ इन्शुरन्सला आठवड्याला तीस तासांची अट आहे. त्याच्या बायकोची ट्रीटमेंट चालू आहे, तो तुम्हाला सांगणार नाही.”

मला खरोखरच माहीत नव्हते. बत्तीस म्हणजे बत्तीसच.

गुरुवार, ३० एप्रिल

क्रायस्लरने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमचे दोन जॉब होल्डवर. धाकट्याचा फोन आला: “बाबा, आता विकून टाका आणि आईला घेऊन इंडियाला सहा महिने राहून या.” त्याचा जीव तुटतो म्हणून बोलतो. पण या महिन्यात विकायचे म्हणजे मशीन्स लिलावात काढायची आणि बारा माणसांना दार दाखवायचे.

सोमवार, १ जून

आज जनरल मोटर्स. सकाळी शॉपमध्ये रेडिओ लावला होता, बातमी लागली तेव्हा कोणी मशीन थांबवले नाही. १९०८ साली सुरू झालेली कंपनी. आमच्या भागात असा माणूस सापडणार नाही, ज्याच्या घरातले कोणी ना कोणी तिथे किंवा तिच्या पुरवठादाराकडे कामाला नव्हते.

दिवसभर बाबांची आठवण होत राहिली. किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत त्यांची उमर गेली. १९६९ च्या ऑगस्टमध्ये मी निघालो तेव्हा सरकार आठ डॉलर बरोबर नेऊ देई, म्हणजे त्या वेळचे साठ रुपये. बाबांनी दहा-दहाच्या सहा नोटा दिल्या आणि म्हणाले, “जाशील तिथं हाताखालच्या माणसाचा पगार थकवू नकोस.” तेव्हा माझ्या हाताखाली कोणीही नव्हते, आणि पुढची बारा वर्षे नव्हते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट ते घरी नेहमी सांगत. लोखंडी नांगर काढला तर शेतकरी हात लावेनात. लोखंडाने जमिनीला विष लागते अशी समजूत. माल चांगला होता, पण तो घेणारा माणूस अजून तयार व्हायचा होता. मी अठ्ठावीस वर्षे एकाच प्रकारच्या माणसाला माल विकला. मोटारवाला. माल वाईट नव्हता, पण ही माझी चूक, आणि तिची किंमत शॉपमधले सगळे देत आहेत. मोटारीबाहेरचे काम शोधलेच पाहिजे.

शनिवार, १८ जुलै

इंडियाना राज्यात वॉर्सा नावाचे लहान गाव आहे. गुडघ्याचे आणि खुब्याचे कृत्रिम सांधे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तिथे आहेत. जूनमध्ये तीनदा गाडी हाकत गेलो. तिसऱ्या खेपेला एका छोट्या कंपनीने ट्रायल जॉब दिला. तीन पोलादी फिक्स्चर, लांबी ३०० मिलिमीटर, टॉलरन्स अर्धा थाउ. म्हणजे १३ मायक्रॉन इकडे किंवा तिकडे.

गुरुवारी मशीनवर मापले तेव्हा अगदी बरोबर. काल सकाळी गेजरूममध्ये मापले तर दोन तुकडे २० मायक्रॉन आखूड. मायक्रोमीटर बदलला, स्लिप गेज पुसून पुन्हा लावले. तेवढेच.

थोरली शिकागोहून काल रात्रीच्या रेल्वेने डिअरबॉर्नला उतरली होती. आज ती आणि टूलमेकर दोघे कारण शोधत बसले. ते सापडलेही. आमची गेजरूम २० अंशांवर असते, कारण जगभर माप त्याच तापमानाला धरतात. फिक्स्चर मशीनवरून उतरले तेव्हा ते त्याहून सहा अंश गरम होते. मीटरभर पोलाद एका अंशाला सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढते. ३०० मिलिमीटरला सहा अंशांचे गणित मांडले की साधारण वीसच येतात. मोटारीच्या कामात आम्हाला एवढे सोसत होते. इथे सोसणार नाही.

टूलमेकरने तिसऱ्या तुकड्याला हात लावला नव्हता. तो फिनिशला ठेवला होता. म्हणाला, “याला रात्रभर झोपू दे, मग घासू.” दोन तुकडे भंगारात गेले, आमच्या खर्चाने. थोरलीने लगेच पद्धत लिहून काढली: फिनिशच्या कटाआधी तुकडा किती तास गेजरूममध्ये ठेवायचा, कोणी मापायचा, तापमान कुठे लिहायचे. वैद्यकीय उपकरणांच्या कामाला आयएसओ १३४८५ लागते, त्याची फाइलही तिनेच उघडली.

ती दहा वर्षांची असताना शनिवारी झाडू घेऊन लोखंडाचा कीस गोळा करायची. तिच्या शाळेची किती गॅदरिंग्ज मी बुडवली! शनिवारी तिला शॉपवर न्यायचो ते खरे तर तेवढाच तिचा सहवास मिळावा म्हणून. आज तिच्या हातावर तेलाचे तेच काळे डाग पाहिले. विचारले, “तुझे सुट्टीचे दिवस यात का घालवतेस?” ती म्हणाली, “बाबा, मला हे काम येतं.” पुढे बोलली नाही.

रविवार, २३ ऑगस्ट

गणपती बसले. जुन्या गाड्या मोडीत काढून नवीवर साडेचार हजार डॉलरपर्यंत सूट देणारी सरकारी योजना उद्या संपते आहे; तिच्यामुळे मोटारीचे थोडे काम परत आले. मोठ्या गिऱ्हाइकाने निम्मी बिले भागवली. वॉर्साहून तीस फिक्स्चरची ऑर्डर. उद्यापासून पूर्ण आठवडा, चाळीस तास.

आरतीला टूलमेकर बायकोला घेऊन आला होता. तिच्या डोक्याला रुमाल होता. हिने तिला आपल्या शेजारी बसवले.

सोमवार, २८ सप्टेंबर

दसरा. काल खंडेनवमी, पण शॉप बंद होते, म्हणून पूजा आज केली. लेथ, मिलिंग, ग्राइंडर, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. मायक्रोमीटर पाटावर मांडले. आपट्याची पाने इथे मिळत नाहीत. आमच्या दाराशी रेडबडचे झाड आहे, तेही आपट्याच्याच गोतावळ्यातले. आपट्याच्या पानाला मधोमध खाच असते, याचे पान नुसते बदामी. गेली कित्येक वर्षे हेच सोने वाटतो. बाराजणांनी पान खिशात ठेवले.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

पगार. बारा चेक लिहिले. आज तेरावा लिहिण्याइतके खात्यात होते. माझे नाव लिहायला घेतले आणि थांबलो. अठ्ठावीस वर्षे शॉपचा सगळा हिशेब हिने ठेवला, विम्याच्या अटी वाचल्या, घर तारण ठेवायला सही दिली. आणि त्या वह्यांत पगाराच्या पानावर तिचे नाव एकदाही नाही.

तेरावा चेक हिच्या नावाचा लिहिला. रक्कम टूलमेकरच्या पगाराएवढी. दर शुक्रवारी मिळेल.