भस्म्या

आमच्या भाच्यानें दोन महिने घरचें अन्न धड घेतलें नव्हतें. भाजींत कोणी तरी विष कालवतें, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. मुलगा इंदापूरकडचा; शिक्षणासाठीं आमच्याकडे बारामतीस राहिलेला. डॉक्टरांनीं स्किझोफ्रेनियाचें निदान करून ओलान्झापिन सुरू केलें. पुढें एका रात्रीं त्यानें आपण होऊन भाकरी मागितली, तेव्हां आमच्या भगिनीच्या डोळ्यांस पाणी आलें. औषध लागू पडलें, असें आम्हींही समजलों. आणि तें खरेंच होतें.

पुढें मात्र तो मागेनासा झाला, घेऊं लागला. रात्रीं दोन वाजतां स्वयंपाकघरांत डबे वाजत. गुळाची ढेप सकाळीं निम्मी झालेली असे. चार महिन्यांत सगळे सदरे अंगास घट्ट झाले. घरांत कोणी तरी ‘भस्म्या’ हा शब्द उच्चारला. आयुर्वेदांतल्या भस्मकाचा हा घरगुती अवतार. आम्हीं तो रोगाचें नांव म्हणून नव्हे, शिवी म्हणून वापरला. आणि उभी हयात मुलांना काव्य शिकविण्यांत घालविलेल्या आम्हीं फडताळास कुलूप लावलें!

दोष गोळीचा होता. ती मेंदूंतल्या डोपामीनला आवर घालते, म्हणून भास मावळतात. पण हिस्टामीन व सेरोटोनिन यांच्या कांहीं दारांनाही ती कडी घालते, आणि ‘पुरे’ हा निरोप पोंचत नाहीं. क्लोझापिनचेंही तसेंच. वजनामागून रक्तांतली साखर व चरबी चढते. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमाझिनचा उपयोग होऊं लागल्यापासून या औषधांनीं कित्येक घरें सांवरलीं. वजनाची तक्रारही तितकीच जुनी.

आषाढांत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापुराकडे निघाली, तेव्हां तो वारकऱ्यांबरोबर चालत घरीं गेला. वाटेंत गांवोगांव पंगती. तो तीनदां जेवला, आणि त्याच्या भाकऱ्या कोणीं मोजल्या नाहींत. त्याच सुमारास त्याच्या उशीखालीं आम्हांस न घेतलेल्या गोळ्या सांपडल्या.

“मामा, गोळी सोडली कीं भूक जाते,” तो म्हणाला. “मग कुलपाची गरज नाहीं.”

डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं औषध बदललें, मेटफॉर्मिनची जोड दिली, आणि पहिल्या दिवशींचें वजन विचारलें. तें आम्हीं लिहूनच ठेवलें नव्हतें.

कुलूप निघालें. भूक बरीच ओसरली, पण सारी गेली नाहीं. आतां रात्रीं डबा वाजला म्हणजे आम्ही उठून त्याच्यासमोर बसतों. डब्यांत फुटाणे असतात, काकडी असते. कधीं तो गूळच शोधून काढतो. तेव्हां आम्ही अर्धा खडा मागून घेतों.