स्तँदालचे नाव आणि चौकातला बाक

साहित्यिकाचे टोपणनाव वाङ्मयेतिहासात रुळते. ते वैद्यकाच्या परिभाषेत जाऊन बसावे, असे क्वचितच घडते. मारी-आंरी बेल (१७८३–१८४२) या फ्रेंच लेखकाच्या बाबतीत ते घडले. स्वतःला दडवण्याची त्याला विलक्षण हौस. शंभराहून अधिक टोपणनावे त्याने वापरली. त्यांपैकी ‘स्तँदाल’ हे नाव १८१७ मध्ये ‘रोम, नेपल्स आणि फ्लॉरेन्स’ या प्रवासग्रंथावर प्रथम छापले गेले. श्टेंडाल या जर्मन गावावरून ते घेतले, असे सामान्यतः मानले जाते. हे गाव कलेतिहासकार विंकेलमान याचे जन्मस्थान. ग्रीक शिल्पांतील संयत, शांत भव्यतेचे माहात्म्य त्याने युरोपला पटवून दिले. त्याच्याच गावाचे नाव पुढे कलादर्शनाने माजणाऱ्या काहुराला मिळाले, ही विसंगती लक्षणीय आहे.

या प्रवासग्रंथात फ्लॉरेन्समधील सांता क्रोचे या चर्चचा प्रसंग येतो. मायकेलअँजेलो, माकियावेली, गॅलिलिओ, अल्फिएरी यांच्या समाध्या पाहतानाच स्तँदालचे मन भरून आलेले असते. एक साधू त्याला निकोलिनी प्रार्थनाकक्ष उघडून देतो. तेथे मान मागे टेकवून तो व्होल्तेरानोने वर रंगवलेल्या सिबिल या भविष्यवादिनींची चित्रे न्याहाळतो. बाहेर पडताना त्याचे हृदय धडधडू लागते, अंगातले त्राण जाते आणि पाऊल टाकताना कोसळण्याची भीती वाटते.

या निवेदनाचा आधार घेऊन फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ ग्रात्सिएला मागेरीनी यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात ‘स्तँदाल सिंड्रोम’ ही संज्ञा रूढ केली. कलाकृतींच्या सान्निध्यात भोवळ, भय, भ्रम अशा अवस्थांना सामोरे गेलेल्या १०६ प्रवाशांची निरीक्षणे त्यांच्यापाशी होती. मनोविकारांच्या प्रमाणभूत आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत या संज्ञेला स्वतंत्र स्थान नाही. प्रवासाचा शीण, परक्या शहरातील एकटेपण, आधीची मानसिक अस्वस्थता यांचा वाटा किती आणि चित्राचा किती, हा प्रश्न उरतोच. मात्र ज्यांना रुग्णालय गाठावे लागले, त्यांचा त्रास खरा होता, हे नाकारता येणार नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो या निवेदनाचा पुढचा भाग. चर्चबाहेर आल्यावर स्तँदाल चौकातल्या बाकावर बसतो आणि जवळच्या टिपणवहीतून उगो फोस्कोलोची कविता काढून वाचतो. १८०७ साली प्रसिद्ध झालेली ही दीर्घ कविता समाध्यांविषयी आहे. सांता क्रोचेतील समाध्याही तिच्यात येतात. त्या क्षणी तिच्यातील दोष त्याला दिसत नाहीत. आपल्या भावनेत सहभागी होणारा मित्राचा स्वर त्याला हवा असतो, अशी कबुली तो देतो. वैद्यकाने या प्रसंगातली धडधड घेतली. बाक आणि कविता साहित्याच्या अभ्यासकांकडे राहिली.

साहित्यशास्त्र शिकवताना हा प्रसंग मला वारंवार आठवतो. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे भरताचे आठ सात्त्विक भाव वर्गात सांगितले, की स्तँदालची लक्षणे त्यांत बसवून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. नाट्यशास्त्रात हे भाव पात्राचे आणि म्हणून नटाच्या अभिनयाचे विषय आहेत. प्रेक्षकाच्या अवस्थेशी त्यांची सरळ बरोबरी करता येत नाही. अभिनवगुप्ताने तर स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे रसास्वादातले विघ्नच मानले आहे. त्या कसोटीवर चर्चच्या दारातला स्तँदाल विघ्नग्रस्त ठरेल. बाकावर कविता वाचणारा स्तँदाल मात्र सहृदयतेकडे परतू लागला आहे, असे मला वाटते. त्याची खाजगी घालमेल दुसऱ्याच्या शब्दांत उतरली आणि तिला सोबत मिळाली.

काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील रेव्हरंड टिळकांच्या अखेरच्या दिवसांचा भाग एक विद्यार्थिनी वाचत होती. मध्येच तिचा आवाज दाटला. मागच्या बाकांवर किंचित खसखस पिकली. मी काही न बोलता शेजारच्या मुलीला त्याच ओळीपासून पुढे वाचायला सांगितले. अर्ध्या पानानंतर पहिलीचा आवाज हळूच तिच्या आवाजात मिसळला. तास संपेपर्यंत दोघी एकत्र वाचत होत्या आणि कोणी हसत नव्हते. त्या दिवशी शैलीविषयीचे माझे टिपण तसेच राहिले. ते पुढच्या तासाला सांगितले, तेव्हा ते अधिक नीट ऐकले गेले.

आपल्या अभ्यासपद्धतीने तटस्थतेला मान दिला, आणि तो योग्यच आहे. पण ज्याला कधी काही हेलावून गेलेच नाही, त्याची तटस्थता कशापासून असते, हा प्रश्न विचारायला हवा. स्तँदाल त्या चर्चमध्ये कोऱ्या मनाने गेला नव्हता. त्या समाध्यांमागचे ग्रंथ आणि इतिहास त्याने आधी वाचले होते. ज्ञानाने त्याची संवेदना बोथट झाली नाही. उलट तिला धार आली. विद्यार्थ्याला ते ज्ञान द्यावे, हे आपले काम आहेच; त्याचबरोबर ते पेलेनासे झाले, तर क्षणभर टेकायला एखादा बाक आणि सोबतीला एखादा आवाज वर्गात असावा, हेही आपलेच काम आहे.