बैलजोडी आणि डी.एड.

वाचकहो, तुमच्याही घरात बारावी झालेले एखादे लेकरू असेल आणि "आता पुढे काय?" हा प्रश्न रोज जेवताना निघत असेल. आमच्या घरी तो यंदा नातीसाठी निघाला. म्हणून माझ्या लेकीची हकीकत तुमच्यापुढे ठेवतो. बढाई मारावी असे तीत काही नाही. पण कुणाचे चार पैसे आणि चार वर्षे वाचली तर वाचतील.

लेक २००९ साली बारावी झाली. त्या दिवसांत गावोगाव एकच वारे होते, डी.एड. करा आणि मास्तर व्हा. दोन वर्षांचा अभ्यास, तीन वर्षे शिक्षणसेवक, की मग कायमची नोकरी! स्थळ घेऊन येणारेसुद्धा "मुलगी डी.एड. आहे का?" असे आधी विचारीत. मीही तेवढाच हिशेब केला. कॉलेजच्या फीसाठी खिलार बैलांची जोडी सांगोल्याच्या बाजारात नेऊन उभी केली. मंडळी दोन दिवस जेवली नाही. मी म्हणालो, "अगं, बैल पुन्हा घेता येतील. पोरीचे शिक्षण पुन्हा होत नाही."

२०११ साली लेक चांगल्या गुणांनी पास झाली. पण भरतीची परीक्षा २०१० सालीच होऊन गेली होती. त्यातच २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. हजेरीपटावरची कितीतरी मुले वर्गात नव्हतीच. मुले कमी निघाली म्हणजे शिक्षक जास्त झाले. २०१२ च्या मे महिन्यात सरकारने नवी भरती थांबवली. २०१३ पासून टीईटी आली. पुढच्या भरतीसाठी अभियोग्यता चाचणी झाली ती थेट २०१७ च्या डिसेंबरात. तोवर लेक दोन लेकरांची आई झाली होती.

मधल्या काळात तिने एका खासगी शाळेत शिकवले. पगार महिना साडेतीन हजार, तोही दिवाळी-उन्हाळ्याच्या सुटीत नाही. शेवटी ती तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात लागली. शेजारी उभ्या असणाऱ्या पोरी दहावी-बारावीच्या. पगार जवळपास तोच. हिशेबाची वही ही लिहिते, म्हणून हिला पाचशे रुपये जास्त. एकदा मी शेठजींजवळ विषय काढला. ते गोड बोलून म्हणाले, "पाटील, गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवायला डी.एड. कशाला लागतंय?"

मला राग आला. पण एसटीत बसल्यावर वाटले, माणूस खोटे बोलला नाही. पगार मिळतो तो कामाचा, भिंतीवरच्या सर्टिफिकिटाचा नव्हे. कामाला जेवढे शिक्षण लागते त्याहून जास्त झाले, तर त्या जादा वर्षांचे मोल फार थोडे मिळते. डंकन आणि हॉफमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९८१ सालीच हे आकड्यांनी दाखवले होते. जादा शिक्षणाच्या वर्षाला मोबदला मिळतो खरा, पण कामाला लागणाऱ्या शिक्षणाच्या वर्षाच्या साधारण निम्माच. आमच्या लेकीचे पाचशे रुपये ते हेच!

ही रड आमच्या एकट्या घरची नाही. मंत्रालयाच्या उपाहारगृहात एकदा वाढप्यांच्या तेरा जागा निघाल्या. अट चौथी पास. अर्ज आले सात हजारांच्या आसपास, आणि निवडलेल्या तेरांत बारा पदवीधर होते. आता चौथी पास पोराने कुठे जावे? वरचा एक पायरी खाली उतरला की खालचा आपोआप बाहेर ढकलला जातो.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो, की २०२२ साली भारतातल्या तरुण पदवीधरांत शंभरांत एकोणतीस बेकार होते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत शंभरांत तीन-चारच. म्हणून कुणी शाळा सोडू नये. निरक्षर पोराला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल त्या मजुरीला जातो. शिकलेला घरच्या भाकरीवर वाट पाहत राहतो. दोघांचीही कुचंबणाच.

चूक शिक्षणाची नव्हती, माझ्या हिशेबाची होती. कांद्याला भाव आला म्हणून साऱ्या शिवाराने कांदाच लावला तर काढणीला काय होते, हे आपण शेतकरी जाणतो. मग लेकीच्या बाबतीत मी ते कसे विसरलो? शेजारच्या चार तालुक्यांत किती डी.एड. कॉलेजे निघाली, त्यातून वर्षाला किती पोरे बाहेर पडतात आणि शाळांत जागा किती, यातले काहीच मी विचारले नाही.

यंदा नात म्हणाली, "आजोबा, मला नर्सिंगला जायचंय." मी काही बोलण्याआधी तिची आत्याच म्हणाली, "आप्पा, या वेळी मी जाते तिच्यासोबत." दुकानातून एक दिवस रजा काढून ती गेली. कॉलेजच्या कारकुनाला तिने चार प्रश्न विचारले. या कॉलेजला मान्यता कुणाची? मुली प्रत्यक्ष शिकायला कोणत्या दवाखान्यात जातात? गेल्या तीन वर्षांत पास झालेल्या मुली आज कुठे कामाला आहेत? त्यांना हातात पगार किती मिळतो? कारकून म्हणाला, "बाई, फी किती, एवढंच सगळे विचारतात." पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, पुढच्या दोन्हींची नाहीत. तेव्हा दोघी तशाच सरकारी दवाखान्यात गेल्या आणि तिथल्या सिस्टरांजवळ तासभर बसून आल्या.

रात्री लेकीने सगळे कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवले. अक्षर मोत्यासारखे, मास्तरणीचे. मी म्हणालो, "पोरी, तुझं मात्र नुकसान झालं." ती म्हणाली, "आप्पा, बैल विकल्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही विचारलं नाही, तसं मीही विचारलं नव्हतं."

प्रवेश अजून ठरलेला नाही. दुसऱ्या दोन कॉलेजांत विचारून मगच ठरवू. गोठ्यात या वेळी दोन म्हशी आहेत. त्या विकायच्या की नाही, हे त्या कागदावरच्या उत्तरांनी ठरेल. वाचकहो, तुम्हीही फी भरण्याआधी ते चार प्रश्न विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.