बोटांची परदेशवारी

पॅरिसहून परतलेल्या माणसाने आयफेल टॉवरचे वर्णन करावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मीही तो मनोरा पाहिला. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या सौभाग्यवतींचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावलेला आहे. पण २०१९ च्या सप्टेंबरात आम्ही त्या शहरी पाच आठवडे राहिलो, त्यांतला जो आठवडा मला जन्मभर आठवेल, तो खिडकीशी ठेवलेल्या एका टेबलापाशी गेला.

आमची मनू तिथे एका संशोधन संस्थेत नोकरीला. तिचे दिवस भरत आले, म्हणून बाळंतपणासाठी आम्ही उभयता गेलो होतो. तिचे बिऱ्हाड सां-मार्तां कालव्याजवळ, पाचव्या मजल्यावर. हा कालवा १८२५ साली खुला झाला. सुमारे साडेचार किलोमीटरच्या लांबीत पाणी अडवून होड्या वर-खाली करणारी नऊ जलद्वारे आहेत. काठाने झाडे, वरून कमानदार लोखंडी पूल. सकाळी मी काठाकाठाने फिरून, लांबलचक पाव काखेत मारून घरी येई. ला शापेल भागात श्रीलंकेच्या तमिळ दुकानदारांकडे कढीलिंब नि नारळही मिळत. एकंदरीत गिरगाव सुटल्याचे दुःख फारसे जाणवत नव्हते.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी मनूला सक्त विश्रांती सांगितली. अंथरुणातून उठायचे नाही. नेमका त्याच शुक्रवारी तिला एक मोठा इंग्रजी अहवाल द्यायचा होता. नोकरीची मुदत वाढणार की नाही, हे त्याच्यावर अवलंबून. जावई कामानिमित्त परगावी. पोर रडकुंडीला आली.

"बाबा, मी सांगते. तुम्ही टाइप कराल?"

मी छाती पुढे काढली. का काढू नये? फोर्टातल्या एका सॉलिसिटरांच्या कचेरीत अडतीस वर्षे मी इंग्रजी लघुलेखक होतो. १९७१ साली गिरगावातल्या टायपिंगच्या वर्गात 'ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे' हा मंत्र मी इतका घोटला होता, की झोपेतही बोटे पांघरुणावर चालत. कळांकडे पाहिले की मास्तर बोटांवर पट्टी मारीत. तेव्हापासून मी कळांकडे कधी पाहिलेले नाही.

हात बसावा म्हणून आधी 'मुंबई' असे इंग्रजीत मारले. पडद्यावर पाहतो, तर आरंभी प्रश्नचिन्ह, मग यू, मग स्वल्पविराम, मग बी, आणि ए च्या जागी क्यू! साल घातले २०१९. उमटले काय? तिरपी रेघ डोक्यावर घेतलेला ई, उलट्या रेघेचा ए, 'आणि' चे चिन्ह, आणि शेपटीवाला सी. पूर्णविराम द्यावा तिथे दोन टिंबे पडत. प्रत्येक वाक्याअखेर विसर्ग! माझे इंग्रजी पाहता पाहता संस्कृत झाले.

मनूला हसू आवरेना. मग तिने समजावून सांगितले. अमेरिकेत शोल्सने बनवलेले यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली बाजारात आणले. आपल्या कळफलकाची मांडणी त्याच घराण्यातली. १९५५ साली गोदरेजने मुंबईत टाइपरायटर बनवले, त्यांवरही इंग्रजीला तीच मांडणी. फ्रेंचांनी मात्र ए आणि क्यू यांची, झेड आणि डब्ल्यू यांची अदलाबदल केली. एम उचलून एल च्या शेजारी, आपल्या सेमीकोलनच्या जागी नेला. फ्रेंचला रेघा आणि शेपट्या असलेली अक्षरे ओळीओळीला लागतात, म्हणून अंकांच्या कळा त्यांना दिल्या. अंक हवा असेल तर शिफ्ट दाबा. पूर्णविरामालाही शिफ्ट. आमच्या मास्तरांचा मंत्र या यंत्रावर 'क्यू एस डी एफ जी एफ, एम एल के जे एच जे' असा उमटतो. मी तो मारून पाहिला आणि मास्तरांची मनोमन क्षमा मागितली.

गंमत अशी, की सौ. ने उभ्या जन्मात टाइपरायटरला हात लावलेला नाही. पण तिने चष्मा चढवून ए चटकन दाखवला. "अहो, इथे तर आहे!" दोन बोटांनी शोधून मारणाऱ्याला परका कळफलक जड जात नाही. मरण असते ते न पाहता मारणाऱ्याचे.

"बाबा, दोन कळा दाबल्या की तो इंग्रजी होतो," मनू म्हणाली. खरेच झाला. कळेवर क्यू छापलेला, पण उमटे ए. मला कुठे पाहायचे होते? अर्धे पान सरसर उतरले. मग नावे आली. ऑर्लेआँमधल्या ई वर रेघ, बेझाँसाँमधल्या सी ला शेपटी, नीमच्या आय वर टोपी. ही टोपी तर विलक्षणच. आधी तिची कळ दाबायची, पडद्यावर काहीच उमटत नाही. मग आय दाबला की तो टोपी घालूनच बाहेर येतो. अशी नावे दर चार ओळींना. फ्रेंच करा, इंग्रजी करा. आपण कोणत्या देशात आहोत, हेच बोटांना कळेना. संध्याकाळपर्यंत तीन पाने झाली, तीही चुकांनी बुजबुजलेली. मनू कोपरावर उठून म्हणाली, "राहू दे बाबा, मीच करते."

अडतीस वर्षांत कोणी असे म्हटले नव्हते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. सौ. ने तिला दटावून निजवले.

थोड्या वेळाने मनू हलकेच म्हणाली, "बाबा, पहिल्या वर्षी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडायची. तुमच्या मशीनवर शिकले होते ना, न बघता. एक साधं पत्र लिहायला मला तास लागायचा. बाजूची मुलगी हसायची."

"फोनवर कधी बोलली नाहीस ते?"

"काय सांगणार? माझी ए चुकते म्हणून?"

त्या वर्षी दर रविवारी आम्ही फोनवर विचारत होतो, जेवलीस का, थंडी आहे का. बोटांबद्दल विचारायचे आम्हांला सुचले नव्हते.

त्या रात्री सगळी निजल्यावर मी इंग्रजीची मांडणी काढून टाकली, कळांवर सौ. चा रुमाल पसरला आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. क्यू एस डी एफ. सहासष्टाव्या वर्षी पुन्हा पहिली यत्ता! करंगळी सारखी जुन्या घरी जाई, तिला ओढून आणावे लागे. दोनच्या सुमाराला पहिल्यांदा 'मुंबई' बिनचूक उमटली. दुसऱ्या दिवशी वेग माझ्या नेहमीच्या पावपट, बुधवारी निमपट. मनू पडल्या पडल्या सांगत होती, मी मारत होतो. गुरुवारी रात्री अकराला अहवाल संपला. मनूने तो वाचला, दोन चुका काढल्या आणि म्हणाली, "माझ्यापेक्षा लवकर शिकलात."

पुढे मुदत वाढली आणि नातही झाली. दोन्ही गोष्टी सुखरूप.

गिरगावात परतल्यावर पोचल्याचे पत्र लिहायला मी आपल्या संगणकाशी बसलो. 'प्रिय मनू' असे इंग्रजीत मारले आणि पाहतो, तर मनूच्या आरंभी दोन टिंबे, आणि ए च्या जागी क्यू! बोटे अजून पॅरिसलाच होती. खोडायला हात उचलला होता, पण तसेच पाठवून दिले.

पाच मिनिटांत तिचे उत्तर आले. तिला ते बरोबर वाचता आले होते.