अक्षराचा भाव

एस.वाय.बी.ए. (मराठी)

"एवढं काय त्यात? बटण तर दाबायचं!"

दुकानात येणारं दर तिसरं गिऱ्हाईक हे वाक्य म्हणतं. मी हसून गप्प बसते. आधी राग यायचा. आता येत नाही, कारण दीड वर्षापूर्वी मीही हेच म्हणाले होते.

सकाळी कॉलेज आणि दुपारी तीन ते आठ दुकान, असा माझा दिवस. आमच्या तालुक्याच्या गावात बसस्टँडमागे एक छोटं दुकान आहे. तिथे लाकडावर आणि ॲक्रिलिकवर लेसरनं नावं कोरून मिळतात. घरांच्या पाट्या, सन्मानचिन्हं, किल्ल्यांच्या साखळ्या, सगळं. माझ्या फीचे पैसे तिथूनच येतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

पण नावं कोरण्याचा धंदा आमच्या घरात नवा नाही. माझे वडील, अण्णा, भांड्यांवर नावं घालायचे. शिक्षण चौथीपर्यंत. लग्नसराईत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून बसायचे. हातात बोटाएवढी छिन्नी आणि लहानशी हातोडी. टक् टक् टक् असा आवाज येत राहायचा आणि एकेका टिंबानं अक्षर उभं राहायचं. भाव अक्षरावर. शेवटी शेवटी अक्षराला एक रुपया. माणसं अक्षरं वाचवायची. 'यांजकडून'चं 'कडून' व्हायचं आणि 'सप्रेम भेट'मधलं 'सप्रेम' उडून जायचं. पुढे आहेरात भांड्यांऐवजी पाकिटं आली. पायरीवरचं गोणपाट घरी आलं.

अण्णांचा हात पाहत वाढलेली मी. मशीन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, ही तर फसवणूक! माणसाला घाम नाही, हाताला घट्टा नाही, आणि पैसे मात्र अण्णांच्या दसपट. मशीनमधला किरण डोळ्यांना दिसतही नाही. कार्बन डायऑक्साईड वायूपासून तयार होणारा हा लेसर कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६४ साली जगापुढे ठेवला. हे पटेल बारामतीला जन्मलेले, साल १९३८. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते पुढे गेले. आमच्या गावाहून बारामती एस.टी.नं तासाभराची वाट. हे समजल्यापासून मशीन मला जरा नात्यातलं वाटू लागलं.

मग हळूहळू कळलं की, बटण दाबणं हा कामाचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग आहे.

गिऱ्हाईक मोबाईलवर नाव पाठवतं. ते उचलून आमच्या संगणकात टाकलं की देवनागरीची दाणादाण उडते. वेलांट्या जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात. म्हणून नाव पुन्हा टंकायचं, अक्षरांच्या रेषांचं चित्र करून घ्यायचं आणि नमुना गिऱ्हाइकाला दाखवायचा. मग भिंग आणि वस्तू यांतलं अंतर जुळवायचं. ते मिलिमीटरभर चुकलं तरी रेघ जाडी-भरडी होते. धुराचे डाग पडू नयेत म्हणून लाकडावर कागदी टेप चिकटवायची. त्याच जातीच्या टाकाऊ तुकड्यावर वेग आणि ताकद तपासून पाहायची, कारण सागवानाला मानवतं ते पाइनला मानवत नाही. काम चालू असताना जागचं हलायचं नाही, न जाणो, पेट घेईल. नाव कापून काढायचं असेल तर आणखी गंमत. शिरोरेघ सगळी अक्षरं हातात हात धरून ठेवते, पण अनुस्वाराचं टिंब सुटून खाली पडतं! त्याला कुठेतरी बारीक दांडी जोडावी लागते.

आणि काही कामांना 'नाही' म्हणायचं असतं. एकदा एक गृहस्थ रेक्झिनच्या शंभर डायऱ्या घेऊन आले. रेक्झिनवर बहुधा पी.व्ही.सी.चा थर असतो. तो जळला की हायड्रोजन क्लोराईड वायू सुटतो. तो छातीलाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही. गृहस्थ रागावून गेले. शंभर नगांचं काम गेलं, पण मालक मला एक शब्द बोलले नाहीत.

आता भावाचं. मशीन अक्षरं मोजत नाही, ते रेघा मोजतं. आठ इंच रुंद आणि चार इंच उंच पाटी घ्या. इंचाला २५० रेघा धरल्या तर उंचीच्या १००० रेघा झाल्या. वळण्याच्या वेळेसह एका रेघेला पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर लागतो, म्हणजे सुमारे बारा मिनिटं. तीच पाटी उभी ठेवली तर रेघा २००० होतात. रेघ अर्धी होते, पण वळणं दुप्पट होतात आणि काम पंधरा मिनिटांवर जातं. पाटी आडवी की उभी, एवढ्यानं भावात फरक पडतो.

आमच्या दुकानात मशीनच्या मिनिटाला ८ रुपये धरतात. त्यात वीज, भाडं, कर्जाचा हप्ता, लेसरच्या नळीची झीज आणि माझा पगार आला. मांडणीचे १०० रुपये वेगळे. लाकडाची एक साखळी करायची तर लाकूड १०, दोन मिनिटांचे १६ आणि मांडणीचे १००, असे १२६ होतात. त्याच मजकुराच्या पन्नास केल्या तर मांडणी एकदाच, म्हणून नग २८ रुपयांना पडतो. पन्नासांवर पन्नास वेगळी नावं असतील तर प्रत्येक नाव टंकून तपासायचं, म्हणून नगाला १० रुपये वाढवायचे. गिऱ्हाईक विचारतं, "पन्नास घेतल्या तर २८, आणि एकीचे १२६? ही कुठली रीत?" रीत हीच, की पहिल्या साखळीच्या पाठीवर सगळ्या तयारीचं ओझं असतं.

हे सगळं मी पाठ केलं होतं. तरीही गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून चूक झालीच.

एक काका घराच्या पाटीसाठी स्वतःची फळी घेऊन आले. पाडलेल्या जुन्या घराच्या दाराची, सागवानाची. चिठ्ठीवर दोघांची नावं होती. बायकोचं नाव 'निलीमा' असं लिहिलेलं. मी पडले मराठीची विद्यार्थिनी! शुद्धलेखनाच्या तासाला शाबासकी मिळवलेली! मी 'नीलिमा' केलं, आणि दुपारी गर्दी होती म्हणून नमुना दाखवायचा राहिला.

संध्याकाळी काका पाटीकडे बघतच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोरी, हिच्या दाखल्यावर 'निलीमा' आहे. हिच्या वडिलांनी असंच घातलं होतं. घरात लिहिणारे ते एकटेच होते."

मी काय बोलणार? दुसरी फळी आणायची कुठून? शेवटी सुताराकडून तो थर रंधून घेतला. त्याचे ३०० रुपये मी माझ्या पगारातून दिले. पाटी पुन्हा कोरली आणि ती चांगली झाली. पण दाराची ती फळी माझ्यामुळे दोन सूत पातळ झाली, ती झालीच.

रात्री अण्णांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वाचून दाखवलं होतंस का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मी भांड्यावर खडूनं नाव काढून द्यायचो अन् त्यांच्या तोंडून वाचून घ्यायचो. ज्याला वाचता येत नसंल त्याला दोनदा विचारायचो. नाव त्यांचं, आपला फक्त हात."

मी विचारलं, "त्या विचारण्याचे किती घ्यायचात?"

अण्णा हसले. "विचारण्याचे कुणी पैसे देतं का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. अण्णांच्या अक्षराच्या एका रुपयात फक्त छिन्नीचे घाव मोजलेले होते. खडू, विचारणं, थांबणं, लोकांचं नवंकोरं भांडं बिघडलं तर भरून द्यायची धास्ती, हे सगळं त्यांनी उभा जन्म फुकट दिलं होतं. दसपट पैसे घेणाऱ्या मशीननं अण्णांना फसवलं नव्हतं. त्यांचा हिशेबच कुणी पुरा मांडला नव्हता.

दिवाळीनंतर एक आजोबा तांब्याचा तांब्या घेऊन दुकानात आले. त्यावर बायकोचं नाव हवं होतं. ती उन्हाळ्यात गेली होती. आमच्या मशीनचा किरण तांबं परतवून लावतं. त्याला फायबर लेसरचं वेगळं मशीन लागतं आणि ते आमच्याकडे नाही. मालकांना विचारून मी आजोबांना घरी घेऊन आले.

अण्णांनी पेटीतून छिन्नी काढली, चष्मा पुसला. "काय घालायचं?"

"कैलासवासी यमुनाबाई..." म्हणून आजोबा थांबले. अण्णा खडू धरून बसून राहिले. त्यांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं आजोबा म्हणाले, "नुसतं 'यमुना' घाला. जित्तेपणी मी तिला कधी नावानं हाक मारली न्हाई. आमच्यात मारत नव्हते."

अण्णांनी खडूनं नाव काढलं. आजोबांनी ते मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग टक् टक् टक्. तीन अक्षरं.

"किती झाले?" आजोबांनी विचारलं. अण्णा तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "शंभर रुपये, आजोबा."

अण्णांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. आजोबांनी मात्र तांब्यावरून अंगठा फिरवत शंभराची नोट पुढे केली.

ते गेल्यावर अण्णा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात निघाले तेव्हा ते उंबऱ्यात बसले होते. मान वर न करताच म्हणाले, "त्या तुझ्या भावाच्या कागदावर खालच्या अंगाला जागा असंल तर एक ओळ लिही. तांब्या-पितळेवर नाव घालून मिळंल म्हणून."

"आणि भाव, अण्णा? अक्षराला किती लिहू?"

ते थोडा वेळ गप्प राहिले.

"अक्षराला नको," ते म्हणाले. "नावाला लिही."